पेलाभर इंधनाची साक्ष

जून 2025 मध्ये मध्य प्रदेशातील रतलाम येथे मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील 19 गाड्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या. पंपावर भरलेल्या डिझेलमध्ये पाणी निघाले. पावसाचे पाणी टाकीत झिरपले, असा खुलासा झाला, पंपाला टाळे लागले आणि वृत्तवाहिन्यांना दोन दिवसांचे खाद्य मिळाले. मोटारीचे एक बरे असते. ती ढकलत रस्त्याच्या कडेला लावता येते. विमानाला ही सोय नाही.

त्याच्या पंधरवडाभर आधी अहमदाबादचा भीषण अपघात घडला होता, तेव्हाही 'इंधनात पाणी तर नव्हते?' ही शंका घरोघरी बोलली गेली. ज्या टँकरमधून आणि टाक्यांतून इंधन भरले गेले त्यांचे नमुने समाधानकारक आढळल्याचे प्राथमिक अहवालाने नमूद केले. मोठ्या विमानांच्या इंधनावर अशी मोठी यंत्रणा नजर ठेवून असते. छोट्या विमानाच्या बाबतीत मात्र शेवटची नजर एका विद्यार्थ्याची असते आणि त्याच्या हातात असतो एक प्लॅस्टिकचा पेला. विमानदुरुस्तीच्या धंद्यात माझी हयात गेली. या पेल्याइतके महत्त्वाचे आणि इतके दुर्लक्षित हत्यार मी दुसरे पाहिले नाही.

आपल्याकडील वैमानिक प्रशिक्षणात सर्रास दिसणारे सेसना 172 हे विमान घ्या. 1956 पासून या जातीची 44 हजारांहून अधिक विमाने तयार झाली. इंधनाच्या टाक्या पंखांत, तेथून इंधन आपल्याच वजनाने खाली इंजिनाकडे येते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते. ते येते कोठून? टाकीच्या झाकणाचे रबर म्हातारे झाले की पावसाचे पाणी आत उतरते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उघड्यावर राहिली की थंडीत आतल्या हवेतले बाष्प भिंतींवर दव होऊन जमते. कधी पिंपातून किंवा टँकरमधूनच पाणी येते. म्हणून संध्याकाळी टाक्या भरून ठेवाव्यात, अशी जुनी शिस्त आहे.

सकाळी पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर ते थोडे निवू द्यायचे. मग पंखाखालची छोटी झडप पेल्याच्या दांडीने वर दाबायची आणि थोडे इंधन पेल्यात घ्यायचे. छोट्या विमानांचे पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, ओळखू यावे म्हणून निळसर रंगवलेले असते. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब किंवा थर दिसतो. येथे एक फसगत आहे. पेला निळ्या आकाशाकडे धरला तर निव्वळ पाणीही निळे भासते आणि सगळा पेलाच पाण्याने भरलेला असेल तर थर दिसणार तरी कोठून? म्हणून नमुना पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहावा, वास घ्यावा. पाणी दिसले तर पुन:पुन्हा काढावे, पंख हलवून पुन्हा काढावे; तरीही ते येतच राहिले तर विमान जमिनीवर ठेवून इंजिनिअरला बोलवावे.

न काढलेले पाणी लगेच दगा देत नाही, हीच खरी पंचाईत. कार्बोरेटरमधल्या आणि नळ्यांमधल्या चांगल्या इंधनावर इंजिन सुरू होते, धावपट्टीपर्यंतही जाते. पूर्ण शक्ती देऊन विमान उचलले की पाणी पोचते, आणि तेव्हा खाली उतरायला ना उंची असते ना धावपट्टी.

हा सगळा भार वैमानिकाच्या डोळ्यांवर टाकणे मला कधीच पटले नाही. काही जुन्या सेसना विमानांच्या पंखांत रबरी पिशवीसारख्या टाक्या असत. त्यांना पडलेल्या सुरकुत्यांमागे पाणी अडून राही. झडप उघडली तरी ते बाहेर येत नसे. 1984 मध्ये अमेरिकन प्रशासनाला या सुरकुत्या तपासण्याचा आदेश काढावा लागला. भरपाईच्या दाव्यांचा बोजा असह्य झाल्याचे सांगत कंपनीने 1986 मध्ये छोटी विमाने बनवणे थांबवले. 1994 च्या कायद्याने 18 वर्षांपलीकडच्या विमानांबाबतचे दावे रोखले, आणि मग 172 नव्या रूपात परतले. जुन्या विमानात पाणी काढण्याच्या जागा मोजक्या, बहुधा तीन, नव्यात तेरा! प्रत्येक पंखाखाली पाच, नाकाखाली तीन. कंपनीने तोंडाने काहीही म्हटले नसले तरी मी या आकड्याला कबुलीजबाबच समजतो.

मोठी विमानेही यातून सुटलेली नाहीत. 17 जानेवारी 2008 रोजी बीजिंगहून आलेले बोइंग 777 लंडनच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. इंधनातल्या अत्यल्प पाण्याचे बर्फ होऊन त्याने इंधनाची वाट अडवली होती. सुदैवाने सर्व 152 जण वाचले.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वाद सध्या मोटारवाल्यांत रंगला आहे. अमेरिकेत ज्या छोट्या विमानांना मोटारीचे पेट्रोल चालते, त्यांना बहुधा 'इथेनॉल नको' ही अट असते. इथेनॉल पाणी पोटात धरून ठेवते, त्यामुळे पेल्यात काही दिसत नाही; उंचावरच्या थंडीत मात्र दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात. आपल्याकडे ॲव्हगॅस पूर्वी आयात होई. 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्यात बनवते आणि जानेवारी 2023 मध्ये न्हावाशेव्याच्या बंदरातून त्याची पहिली निर्यातही झाली. उत्तम झाले. पण कारखान्यातून शुद्ध निघालेले इंधन गोंदिया, बारामती वा धुळ्याच्या पावसात उभ्या विमानात शुद्ध राहीलच, याची हमी कोणता कारखाना देणार?

व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. पावसाळ्यात दिवसच्या दिवस विमाने उभी राहतात, तास तुंबतात. ऊन पडले की सगळ्यांनाच घाई होते. टाकीत पाणी असण्याची शक्यता सर्वाधिक असते, तेव्हाच तपासायला वेळ सर्वांत कमी असतो! 2025 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी लावली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही.

मुलामुलींना वैमानिक करायला निघालेले पालक माझ्याकडे अधूनमधून सल्ला मागायला येतात. फी, वसतिगृह, नोकरीची हमी हे सारे त्यांनी आधीच विचारलेले असते. मी त्यांना एवढेच सांगतो, की पाऊस उघडल्यावर एखाद्या सकाळी न कळवता जा, पंखाखाली किती जण वाकतात ते मोजा, आणि त्यांना विचारा, की पाणी निघालेल्या नमुन्याची नोंद कोणत्या वहीत होते आणि ती वही कोण वाचते.