लाईट गेली म्हणून नव्हे, घाई केली म्हणून

आमच्या इस्लापूरकडे "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य राम-रामाइतकंच अंगवळणी पडलंय. पण मंडळी, आज मला डाऊन झालेल्या सर्व्हरबद्दल बोलायचं नाही. तो बंद कसा केला जातो, त्याबद्दल बोलायचंय.

नोंदी हरवल्या की आपण लाईटला शिव्या देतो. २००५ च्या आसपासचं भारनियमन ज्यांनी मराठवाड्यात काढलं, त्यांना ही सवय असणारच. पण पुष्कळदा यूपीएसमध्ये दहा-पंधरा मिनिटांचा दम शिल्लक असतो, कारकून शिस्तीत मेनूत जाऊन सर्व्हर बंद करतो, आणि तरीही नोंदी जातात. का?

घरच्या मंडळींसाठी सोपं करून सांगतो. गर्दीच्या वेळी किराणा दुकानदार उधारी पुठ्ठ्यावर खरडतो आणि सवडीने वहीत उतरवतो. सर्व्हरही तेच करतो. डिस्क संथ, मेमरी चपळ. म्हणून नोंद आधी मेमरीत ठेवायची (हीच ती कॅश), समोरच्याला "झालं" म्हणायचं आणि मागाहून डिस्कवर उतरवायचं. यात गैर काही नाही. प्रश्न येतो तो दुकान बंद करताना. पुठ्ठ्यावरचं वहीत उतरायच्या आत कोणी शटर ओढलं आणि पुठ्ठा केरात टाकला तर?

सर्व्हर बंद करताना ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक सेवेला "आवरा" असा निरोप देते, ठरावीक वेळ थांबते आणि मग सरळ मान पिरगळते. ही मुदत किती? विंडोज एक्सपीच्या काळात मूळ मुदत होती २० सेकंद, विंडोज १० मध्ये ती ५ सेकंदांवर आली. लिनक्सवरच्या सिस्टिमडीत मूळ मुदत ९० सेकंद, डॉकरमध्ये १०. आता हिशोब करा. मेमरीत ४ जीबी उतरवायचं बाकी आहे आणि जुनी डिस्क सेकंदाला ५० एमबी लिहिते. म्हणजे लागणार ८० सेकंदांच्या वर. २० सेकंदांत जेमतेम १ जीबी उतरेल. उरलेलं गेलं!

आणि यूपीएसची बॅटरी मात्र तशीच भरलेली...

याची किंमत कोण मोजतं, तेही सांगतो. आमच्या ओळखीतला एक जण एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होता. दिवसभर पानटपऱ्या, हॉटेलं, भाजीवाले फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे आणि संध्याकाळी शाखेत नोंदी चढवायच्या. म्हणजे नेमकी सर्व्हर बंद व्हायची वेळ! एका संध्याकाळी लाईट गेली, यूपीएस ओरडू लागला, सर्व्हर रीतसर बंद झाला. सकाळी शेवटच्या काही नोंदी गायब. संशय कोणावर? सर्व्हरवर नव्हे हो, एजंटवर. पावत्यांच्या कार्बन प्रती होत्या म्हणून तो वाचला. पण तोवर बाजारात लोक त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर कुठल्या बॅकअपमधून परत घेणार?

"कंप्युटर खोटं बोलत नाही" या श्रद्धेने माणसं किती चिरडली जातात, हे ब्रिटनने बघितलंय. तिथल्या पोस्ट खात्याच्या होरायझन प्रणालीत हिशोब चुकीचे दिसले आणि १९९९ ते २०१५ या काळात शेकडो पोस्टचालकांना चोर ठरवलं गेलं. सरसकट शिक्षा रद्द करायला २०२४ साली कायदा करावा लागला. तिथले दोष वेगळे होते, पण विश्वासाची गल्लत हीच.

आमच्या धंद्यातले मित्र म्हणतील, "अरे, चांगला डेटाबेस वापरला तर असं होत नाही." बरोबर आहे. चांगला डेटाबेस आधी डिस्कवरच्या रोजकीर्दीत नोंद लिहितो, मगच "झालं" म्हणतो. मध्येच मारला तरी उठल्यावर रोजकीर्द वाचून सावरतो. पण सगळीच सॉफ्टवेअरं इतकी सज्जन नसतात. आणि सज्जनांचेही अंदाज चुकतात. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती नीट कळवेलच असं नाही, हे पोस्टग्रेसवाल्यांना २०१८ मध्ये उमगलं. वीसेक वर्षं मुरलेला डेटाबेस तो!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अडकलेल्या सेवेची वाट बघत बसलो तर बॅटरीच संपेल, मग सगळंच जाईल. हेही खरं. मुदत हवीच. पण ती कोणीतरी लांब बसून ठरवलेली नको, आपल्या डिस्कचा वेग आणि आपल्या बॅटरीचा दम मोजून ठरवलेली हवी. तीन मिनिटं लागत असतील तर पाच द्या. बॅटरी पंधरा मिनिटं टिकते असं नुसतं गृहीत धरू नका, वर्षातून एकदा प्लग काढून बघा. आणि आधी नोंदी घेणारा प्रोग्राम बंद करा, साठवणारी सेवा सगळ्यात शेवटी.

५ सेकंदांची मुदत लॅपटॉप झटकन बंद व्हावा म्हणून ठीक असेल. ज्या मशीनवर दुसऱ्याचे पैसे लिहिलेले आहेत, तिथे तीच मुदत ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं की डिस्कवर उतरेपर्यंत "झालं" म्हणू नका, "लिहितोय" म्हणा. लोक थांबतात हो. आमच्याकडच्या लोकांना थांबायची सवय आहे.

आणि घरच्यांनो, पावती जपून ठेवा.