हेरन्सगेटची वसाहत आणि आपली जमीन

एजवेअरहून मोटारीने पश्चिमेस निघाले की सुमारे अर्ध्या तासात रिकमन्सवर्थजवळचे हेरन्सगेट लागते. उंच कुंपणांआड तेथे आज धनिकांची घरे आहेत. १८४७ साली मात्र हे गाव ओकॉनरव्हिल म्हणून ओळखले जाई, आणि तेथे राहावयास आली होती ती कारखान्यांच्या शहरांतील कष्टकरी माणसे.

चार्टिस्ट चळवळीचे पुढारी फर्गस ओकॉनर यांनी १८४६ मध्ये येथील १०३ एकरांचे शेत घेतले. दोन, तीन व चार एकरांचे ३५ तुकडे पाडले, प्रत्येकावर घर बांधले, शाळाही उभारली. पैसा होता सुमारे ७० हजार गरीब भागधारकांच्या वर्गणीचा; जमीन कोणास, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. जमिनीबरोबर मताचा अधिकारही मिळेल, ही आशा होती. पण मागावर आयुष्य गेलेल्या माणसाने कुदळीने तीन एकर कसावे कसे? पहिले पीक हाती येईतो भांडवल कोठले? १८४८ मध्ये संसदीय समितीने हिशेब विस्कळीत ठरविले. ओकॉनरांनी पैसा खाल्ला नव्हता, उलट पदरचाच घातला होता, हेही तिला आढळले. १८५१ मध्ये कायद्याने कंपनी गुंडाळली गेली. पुढल्याच वर्षी ओकॉनरांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. १८५५ मध्ये ते वारले. त्यांच्या आजारावरून योजनाच वेडेपणाची ठरविणारे पुष्कळ आहेत. वैद्यकीच्या अनुभवावरून आम्हांस हा तर्क मान्य नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोग मागितला. त्याच ग्रंथात शेतीला पाणी, बैल, अवजारे, खत व बियाणे शासनाने पुरवावे, असेही त्यांनी लिहिले. ओकॉनरांच्या योजनेत उणे होते ते नेमके हेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. आमचे वडील त्यात तुरुंगात गेले. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानांवरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी कसणाऱ्या कित्येकांच्या नावे सातबारा झालेला नाही, आणि ज्यांच्या नावे झाला त्यांच्या शेतात पाणी नाही.

येथील आपली कुटुंबे विहारास व पुतळ्यास सढळ हाताने देतात. आम्हीही दिले आहे. पण गावाकडचा भाऊ विहिरीसाठी पैसे मागू लागला की आपण ‘जमीन विकून टाक’ म्हणतो. हे आम्हांस पटत नाही. वर्गणीतील निम्मा वाटा तरी विहीर, बियाणे आणि सातबाऱ्याच्या दाव्यासाठी वकील यांवर खर्च व्हावा.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो, तेव्हा काकांनी सातबाऱ्यावर आमचे नाव लागलेले दाखविले. ‘आता विहिरीचे बोला, डॉक्टर,’ ते म्हणाले. आकडा आम्ही लिहून आणला आहे.