हत्यार घरचंच हवं!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. लेथवर कातलेल्या लाकडावर नक्षी उठवायची हत्यारं विकत घ्यावीत की घरी करावीत? निवृत्तीनंतर मला कातकामाचा नाद लागला, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच (माझी लाटणी घरोघरी पोचली आहेत!). हल्ली भेटेल तो हौशी माणूस मला एकच सल्ला देतो, "सर, भंगार कशाला घासत बसता? परदेशी सेट मागवा, खोकं उघडा, झालं!"

मी म्हणतो, नाही झालं.

आधी हे हत्यार म्हणजे काय ते सांगतो. करंजीची कातण डोळ्यांसमोर आणा. दांड्यात मोकळं फिरणारं दातेरी चाक. तसंच पोलादी चाक फिरत्या लाकडावर दाबलं की ठशांची रांग उमटते. विकतच्या चाकाचे दात कारखान्यात ठरलेले. त्यामुळे पाच जणांच्या पाच डब्या शेजारी ठेवल्या, तर नक्षी बहुधा एकाच घराण्यातली निघते. मी पस्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. गाइडातला निबंध दोन ओळींत ओळखू येतो. त्यात शुद्धलेखनाची चूक नसते, पण तो मुलगाही कुठे नसतो.

आता घरचं हत्यार बघा. मशीन-करवतीचं मोडकं पातं भंगारात मिळतं. त्याचा तुकडा घ्यायचा, दात घासून काढायचे, टोक गोल किंवा अणकुचीदार करायचं आणि दांड्यात घट्ट आवळायचं. हे पातं लाकडाला टेकलं की थरथरतं आणि त्या थरथरीचीच नक्षी उमटते. पातं जास्त बाहेर काढलं तर नक्षी मोठी आणि भरड, कमी काढलं तर बारीक. लाकडाचा वेग आणि हाताचा दाब बदलला की पुन्हा वेगळी. भोवऱ्याचं डोकं, डबीचं झाकण अशा आडव्या छेदावर ती छान उठते, तेही लाकूड घट्ट असेल तर. शिसवी किंवा बाभूळ घ्या. सावरीसारख्या मऊ लाकडाचे नुसते तंतू उपटतात. हे सगळं मला पुस्तकानं नाही, त्या पात्यानं शिकवलं. सेटासोबत येणाऱ्या कागदावर 'असं धरा' एवढंच असतं. असंच का धरायचं, हे घासताना कळतं.

दुसरं उदाहरण. धातू घासायची दातेरी गोळी मिळते, तिला रोटरी बर म्हणतात. तिची दांडी पितळी नळीत सैल बसवायची, सुटून येऊ नये म्हणून मागून अडकण लावायची आणि मूठ जोडायची. फिरतं लाकूडच तिला फिरवतं. लाकडावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उठतात. कोन बदला, खळग्यांच्या रेघा होतात. आणि सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे सनमायकाचा तुकडा! आधी बारीक खाच पाडून त्याची कड तिच्यात दाबून धरली की घर्षणानं काळीभोर रेघ जळते.

"म्हणजे पैसे वाचवता," असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पैशाचा हिशेब केलाच, तर माझ्या वेळेचे पैसे धरून विकतचं हत्यार स्वस्तच पडेल. मुद्दा तो नाहीच.

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे, तो मी मान्य करतो. जुनी कानस घासून हत्यार करणारे पुष्कळ असतात. कानशीचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं, झटका बसला तर तुकडा डोळ्यात. तिला आधी साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसला तासभर तापवून थोडं नरम करावं लागतं. घासलेला भाग सुक्या गवताच्या रंगाचा झाला की समजावं. तरीसुद्धा वाडगा पोखरायला कानस नकोच. खोल कापणारी हत्यारं मीही विकतच घेतो. तारेनं रेघ जाळायची तर तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यात, ती बोटाला कधीही गुंडाळायची नाही. तोंडावर ढाल तर हवीच. पण जपून करा असं सांगणं वेगळं आणि करूच नका म्हणणं वेगळं. मुलांच्या हातून आपण सुरी, कात्री, सुई सगळं असंच काढून घेतलं.

आपल्याकडची जुनी माणसं काय करत आली, तेही बघा. कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं लाकूड कातून खेळणी करतात. फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. मग तिला चकाकी आणतात केवड्याच्या जातीच्या पानानं. कुंपणाला उगवणारं पान हेच त्यांचं हत्यार! कच्छमधल्या निरोण्याचे कारागीर तर दोरीनं फिरवायच्या साध्या लेथवर लाखेच्या नागमोडी रंगीत लाटा उठवतात. त्यांना कुणी "सेट मागवा" म्हणेल का?

तेव्हा नातवंडांना वाढदिवसाला तयार पेटी देण्याआधी विचार करा. एक मोडकं पातं, एक मूठ द्या आणि शेजारी बसा. पहिली नक्षी वेडीवाकडी येईल, पण ती त्याची असेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल सेट मागवावा. फक्त मला ती डबी दाखवून "ही मी केली" म्हणू नये.