‘त्याच्यानंतर आई’ : म्हणजे कधी?

दत्तक मुलगी घरी आणून तीन वर्षं झालेली एक मैत्रीण परवा केंद्रावर आली ती संतापूनच. आजीने नातीच्या नावावर ठेवायला दिलेल्या पैशांचा अर्ज एका कार्यालयाने परत केला होता. कारण? पालक म्हणून सही आईची. ‘वडील हयात आहेत ना? मग त्यांची आणा.’ दत्तकाच्या वेळी गृहभेटीला आलेल्या बाईंनी रात्री मूल रडलं तर कोण उठणार, हे हिलाच विचारलं होतं. सही मात्र त्याची!

कारकून उद्धट असेलही, पण ही अक्कल त्याने घरून आणलेली नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 काढून कलम 6 वाचा. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, ‘आणि त्याच्यानंतर आई’. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईच्या ताब्यात असावं, हेही तेच कलम सांगतं. म्हणजे दुपटी धुवायची आईने, दस्तऐवज करायचे बापाने. लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाची मात्र पहिली पालक आई. तिथे हक्क सांगायला नवरा नाही ना!

कलम 7 तर आणखी पुढचं. दत्तक ‘मुलग्याचं’ पालकत्व दत्तक बापाकडे, त्याच्यानंतर दत्तक आईकडे. मुलीचा उल्लेखच नाही. हा कायदा ऑगस्ट 1956 चा. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. मग मागे वळून कलम 7 दुरुस्त करावं, असं आजतागायत कुणाला वाटलेलं नाही.

त्या दत्तक कायद्याचीही कथा तीच होती. दत्तक घेणार नवरा, बायकोने संमती द्यायची. विवाहित बाईला स्वतः दत्तक घ्यायचं तर नवऱ्याने संन्यास घेतलेला हवा, धर्म सोडलेला हवा, नाहीतर न्यायालयाने त्याला वेडा ठरवलेला हवा. नुसता टाकून गेलेला नवरा त्यात बसत नव्हता. ही अट जायला 2010 साल उजाडलं. तेव्हा संसदेने दत्तक घेण्या-देण्याचा हक्क आईलाही दिला, पण कलम 6 ला हात लावला नाही.

‘1999 साली निकाल लागला की!’ असं वकीलमंडळी सांगतात. लागला. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीने 1984 साली मुलासाठी रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले. पालक म्हणून आई सही करील हे दोघांनी मिळून ठरवलेलं, तरी अर्ज नाकारला गेला. पंधरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतरच नव्हे, ‘गैरहजेरीत’. बाप दूर असेल, आजारी असेल, मुलाकडे बघतच नसेल, तर आई पालक. निकालाचा उपयोग झाला, नाही कशाला म्हणू? पण कलम घटनाविरोधी ठरवायचं सोडून शब्दाचा अर्थ ताणला गेला. त्यामुळे घरात हजर असलेल्या, बऱ्या नवऱ्याची बायको आजही दुसऱ्याच नंबरवर! आपलं पालकत्व सिद्ध करायला तिने नवऱ्याची बेपर्वाई सिद्ध करायची काय?

दोघं पालक झाले तर भांडणं वाढतील, असा एक युक्तिवाद हमखास येतो. भांडण आजही न्यायालयातच जातं, आणि तिथे कलम 13 प्रमाणे मुलाचं हित पाहिलं जातं. विधी आयोगाने 1989 आणि 2015 अशा दोन अहवालांत आईबापांना समान दर्जा द्या म्हणून सांगितलं. अहवाल फडताळात.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लागतं. स्वागत आहे. पण सातबाऱ्यावर अज्ञान मुलापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात, तिथे बाप जिवंत असताना आईचं नाव लागतं का, हे आपापल्या तलाठ्याला विचारून पाहा. त्याचं उत्तर आणि परत आलेले अर्ज, दोन्ही केंद्राकडे पाठवा. ‘त्याच्यानंतर’ हा शब्द कलम 6 आणि 7 मधून काढा, या मागणीच्या निवेदनाला ते जोडायचे आहेत.