साठ बाटल्यांचा मोह

लगीनसराई तोंडावर आली की बाटलीबंद पाण्याच्या छोट्या प्लांटचा मालक पहिली चौकशी करतो ती बीपीएमची, म्हणजे मिनिटाला किती बाटल्या भरतात याची. मिनिटाला ६० बाटल्या भरणारे मशीन त्याला भुरळ घालते. पण आरओ ताशी २,००० लिटरचा असेल, तर मिनिटाला लिटरच्या जेमतेम ३३ बाटल्यांपुरतेच पाणी तयार होते. साठवण टाकी संपली की महागडे मशीन पाण्याची वाट पाहत उभे! त्यातून लेबल हाताने लागत असेल, तर बोलायलाच नको.

ऑटोमेशनचा पहिला रुपया पाण्यावर पाळत ठेवण्यासाठी खर्च व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरओनंतरच्या लाइनवर कंडक्टिव्हिटी सेन्सर, रिले आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला, तर टीडीएस बिघडताच पाणी आपोआप ड्रेनकडे वळते. लो प्रेशर स्विच असला की कच्चे पाणी संपले तरी हाय प्रेशर पंप कोरडा चालत नाही. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला म्हणजे जंतू मेले, असे नाही. क्वार्ट्झ नळीवर क्षार चढले की प्रकाश पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तीव्रता मोजणारा सेन्सर फिलिंगशी इंटरलॉक करावा. टायमरवर भरणाऱ्यांनी वरच्या टाकीकडेही पाहावे. पातळी उतरली की तेवढ्याच सेकंदांत पाणी कमी पडते आणि लिटरमागे १५ मिलीपेक्षा जास्त तूट वैधमापनाच्या नियमांत बसत नाही. पातळी राखणारा साधा फ्लोट व्हॉल्व्ह हे दुखणे मिटवतो; त्याला ऑटोमेशन म्हणायला कुणाला कमीपणा वाटत असेल, तर वाटो.

ऑक्टोबर २०२४मध्ये एफएसएसएआयने बीआयएस प्रमाणपत्राची सक्ती काढली, तेव्हा अनेकांनी सुस्कारा सोडला. पुढच्याच महिन्यात बाटलीबंद पाणी अतिजोखमीच्या अन्नात गेले आणि दरवर्षीचे त्रयस्थ ऑडिट आले. दर तासाला तोच टीडीएस, त्याच पेनाने लिहिलेला, अशा रजिस्टरवर ऑडिटर किती विश्वास ठेवील? सेन्सरला डेटा लॉगर जोडला की खऱ्या नोंदी आपोआप राहतात.

परत आलेल्या २० लिटरच्या जारमध्ये कुणी रॉकेल ठेवले होते का, हे ओळखणारे नाक मात्र अजून स्वस्तात मिळत नाही. मशीन आल्यामुळे कॅपिंगवरून मोकळा झालेला माणूस तिथे उभा करा, घरी पाठवू नका.

मशीन घेताना आणखी एक पाहा. पीएलसीला, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरला, पासवर्ड लावून पुरवठादार निघून जातो आणि ऐन एप्रिलमध्ये एक टायमर बदलायला त्याच्या इंजिनिअरची मनधरणी करावी लागते. प्रोग्रॅमची प्रत, पासवर्ड आणि वायरिंगचा नकाशा मिळेल, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.