पाइप सजवणारे हात आणि धूर सोसणारे तोंड

स्वस्तातला एखादा लाकडी पाइप विकत आणायचा. त्याच्यावरचे चकचकीत रोगण स्पिरिटने पुसून काढायचे, काचकागदाने घासायचे, आवडीचा रंग द्यायचा, मेण चोळून झळाळी आणायची, जमलेच तर दांडी बदलून नवी बसवायची. अमेरिका-युरोपात हा अनेकांचा घरगुती छंद आहे. मोबाइलच्या पडद्यावरून तो आता आपल्या मुलांनाही दिसतो. आपल्याकडे पाइप ओढणारे थोडे. पण मातीच्या चिलमीवर नक्षी काढणे, तिला पितळी कडे बसवणे, लहान हुक्क्याला रंगीत नळी जोडणे हे त्याच प्रकारातले उद्योग आहेत.

या छंदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्यातली कारागिरी जपावी आणि पाइप सोडून द्यावा. असे का, ते नीट सांगायला हवे; कारण 'तंबाखू वाईट' हे वाक्य ऐकून ऐकून आपले कान किटले आहेत आणि हात मात्र थांबलेले नाहीत.

आधी सजावट, मग सवय

अकबराच्या अखेरच्या काळात असद बेग नावाचा त्याचा एक अधिकारी विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू मिळाली. परतताना त्याने ती बादशहासाठी नेली आणि सोबत रत्ने जडवलेली, मीनाकारी केलेली लांब नळीही तयार करून घेतली. दरबारातल्या हकिमाने हरकत घेतली. या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही, तेव्हा ती बादशहाने ओढू नये, असे त्याचे म्हणणे. अकबराने दोन-चार झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती उचलली आणि व्यापारी तंबाखू विकू लागले. पुढे 1617 साली जहांगीरला बंदी घालावी लागली. तीही टिकली नाही.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हकिमाचा प्रश्न साधा आणि योग्य होता, पण समोर रत्नजडित नळी होती. पुढे आपल्याच दख्खनमध्ये, बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी करून हुक्क्याची भांडी घडवली. आज ती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कारागिरी अप्रतिम, यात वाद नाही. ज्यांनी त्यातून धूर ओढला, त्यांच्या छातीची नोंद मात्र कुठल्याच संग्रहालयात नाही.

गरिबाच्या पाइपची गोष्टही अशीच आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचे छोटे गाव आहे. तिथे 1869 साली हेन्री टिबी या हॉलंडहून आलेल्या लाकूड-कारागिराने मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासून पाइप बनवून विकायला सुरुवात केली. दाणे काढल्यावर जे फेकून द्यायचे, त्याचा पाइप झाला. तो स्वस्त, म्हणून शेतकरी-मजुरांच्या हातात गेला. आजही घरी पाइप सजवणारे हौशी लोक बहुधा याच स्वस्त पाइपपासून सुरुवात करतात. वस्तू स्वस्त असली की बिघडण्याची भीती नसते आणि हात मोकळेपणाने चालतो. मात्र पाइप स्वस्त असला म्हणून आजार स्वस्त होत नाही.

'आम्ही धूर आत घेत नाही'

पाइप ओढणारे हे हमखास सांगतात. सिगारेटचा धूर छातीत जातो, आमचा तोंडातच राहतो, म्हणून तो सौम्य. हे अर्धसत्य आहे. पाइपच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातले निकोटिन गालाच्या आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरते. छातीपर्यंत न नेताही व्यसन लागते ते यामुळेच. जो धूर तोंडात घोळवला जातो, त्याचा मारा ओठ, जीभ, टाळू आणि घसा यांवर होतो.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॉमरिंग याने 1795 सालीच नोंदवले होते की, पाइप ओढणाऱ्यांमध्ये ओठाचा कर्करोग जास्त दिसतो. 1964 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यातही पाइप ओढणे आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारण संबंध मान्य केला गेला. पाइप ओढणाऱ्यांचा टाळू पांढुरका पडून त्यावर लाल ठिपके उठतात, हे दाताच्या डॉक्टरांना चांगले माहीत आहे. याशिवाय स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका आहेच.

हुक्क्याबाबतही असाच गैरसमज आहे. पाण्यातून आला म्हणजे धूर धुऊन निघाला, असे होत नाही. पाणी त्याला फक्त थंड करते. थंड धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस अधिक वेळ ओढत बसतो. चिलमीच्या तोंडाशी धरलेल्या ओल्या फडक्याचेही तेच. पाइपमध्ये बसवलेली गाळणीसुद्धा विष काढून टाकत नाही. मनाला दिलासा तेवढा देते.

घरच्या बदलांतले धोके

या छंदाचा खास भाग म्हणजे घरी केलेले बदल. लाकूड घासताना जी बारीक धूळ उडते ती नाकातोंडात जाते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती धूळ अंथरुणावर, पाण्याच्या कळशीवर आणि रांगत्या बाळाच्या हातावर बसते.

रंगाचे काय? घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांमागे 90 भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने 2016 साली केला. हा नियम भिंती-दरवाज्यांच्या रंगासाठी आहे. जळत्या तंबाखूभोवती तापण्यासाठी किंवा ओठांत धरण्यासाठी तो रंग बनवलेलाच नसतो. रोगण आणि चिकटवायचे लांबी-गोंद तापले की त्यांची वाफ झुरक्याबरोबर आत जाते. दांडी म्हणून प्लंबरच्या कामातला पीव्हीसी नळीचा तुकडा बसवला आणि तो जळू लागला, तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घसा जाळणारा वायू निघतो. जस्ताचा मुलामा दिलेली नळी फार तापली, तर त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आम्ही चांगले लाकूड आणि शुद्ध मेण वापरू. वापरा, पण सर्वांत मोठे विष पाइपच्या भांड्यात भरलेले असते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सुमारे 70 कर्करोग घडवणारी आहेत. भांडे कितीही शुद्ध केले तरी भरलेला माल तोच राहतो.

आपली वस्तू टाकवत नाही

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. आपण स्वतः घडवलेल्या वस्तूवर आपला जीव जडतो. आईने शिवलेली गोधडी फाटली तरी टाकवत नाही. चार रात्री जागून घासलेला, रंगवलेला पाइपही तसाच टाकवत नाही. सिगारेटचे पाकीट चुरगाळून फेकता येते. पाइप मात्र पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला जातो. सोडायचे ठरवले तरी तो तिथून बोलावत राहतो.

तंबाखूच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागेत सचित्र इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते चित्र पाहवत नाही, म्हणूनच ते उपयोगी आहे. घरी सजवलेल्या पाइपवर कुठलाही इशारा नसतो. तिथे वेलबुट्टी असते, नावाची आद्याक्षरे असतात. घरातले लहान मूल त्या देखण्या वस्तूकडे पाहते, आणि बाबा किंवा दादा ती किती मायेने पुसतो तेही पाहते. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. पण घरातल्या कपाटावर हा कायदा पहारा देऊ शकत नाही. तो पहारा आपणच द्यायचा आहे.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करतात असे दिसले. म्हणजे चार माणसांमागे एकाहून थोडे अधिक. बहुतेकांची तंबाखू तोंडात चघळायची असते. अशा तोंडांना धुराचा आणखी एक मार्ग, तोही सुंदर करून, कशाला दाखवायचा? पैशाचा हिशेबही करून पाहा. दिवसाला 20 रुपये तंबाखूवर गेले, तर वर्षाला 7,300 रुपये होतात. हातावर पोट असलेल्या घरात एवढ्यात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च भागू शकतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेर, पदपथावर गावोगावहून आलेले रुग्ण आणि नातेवाईक मुक्काम ठोकून असतात. त्यांना विचारा, आजारपणात काय काय विकावे लागते.

हात रिकामे ठेवू नका

हा छंद ज्यांना आवडतो त्यांच्या हातात कसब आहे. लाकडाची शीर ओळखणे, काचकागद कुठे थांबवायचा ते कळणे, मेण किती चोळायचे याचा अंदाज असणे ही खरी विद्या आहे. ती वाया घालवू नका. सावंतवाडीच्या कारागिरांनी लाकूड आणि रंगांतून फळे, भोवरे, पाट, पाळण्यावरची खेळणी घडवून घरे चालवली. तेच काचकागद आणि तेच मेण घेऊन भोवरा, लाटणे, पुस्तकांची मांडणी, चौकट, लेखणीचा ठोकळा करता येतो. ज्याला हे काम येते त्याने रविवारी विहारात किंवा अभ्यासिकेत चार मुलांना बसवून शिकवावे. लहान मुलांच्या वस्तूंना मात्र शिसेमुक्त रंगच वापरावा.

व्यसन सोडतानाही हे कसब कामी येते. तंबाखूची तल्लफ येते ती बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे हात गुंतलेले असले तर निभावता येते. पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हे बरेच कमी होते. या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत, साथ द्यावी. सजवलेला पाइप 'आठवण म्हणून' ठेवू नका. तो घराबाहेर गेला पाहिजे. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे.

आजवर ज्यांनी पाइप, चिलीम, हुक्का किंवा चघळायची तंबाखू वापरली आहे, त्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड उघडून पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, ओठावर, गालात किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा, मानेत गाठ, बसलेला आवाज, घास गिळताना त्रास, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती औषधात दिवस घालवू नका. सरकारी रुग्णालयाच्या दंत किंवा कान-नाक-घसा विभागात जा. चट्टा दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि तेव्हाच तो बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आयाबहिणींना एक विनंती. घरातला मुलगा कोपऱ्यात बसून लाकूड घासताना दिसला तर त्याच्यावर ओरडू नका. काय बनवतो आहेस, ते विचारा. पाइप असेल तर त्याला त्याच लाकडातून दुसरे काहीतरी करायला सांगा, आणि ते झाले की शेजारीपाजारी सर्वांना दाखवा.