रूम टेम्परेचर, पण कुणाच्या रूमचं?

घरी बिअर बनवायला शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा. यीस्ट टाकून झालं की एक वाक्य हमखास येतं: बादली रूम टेम्परेचरला ठेवा, म्हणजे १८ ते २० अंश. मी अकोल्यात वाढलो आणि आता अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये राहतो. २०२३च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ४३च्या वर गेला होता. अठरा अंशांची खोली मी पाहिली आहे ती अकोल्यातल्या डिसेंबरात, तीही पहाटे. मग ही रूम आहे तरी कुणाची?

इथल्या होमब्रूइंगवाल्यांना हे विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, उन्हाळ्यात बिअर करूच नका. दुसरं, जुना फ्रिज घ्या, त्याला कंट्रोलर जोडा, आत सेन्सर सोडा आणि ग्राफ फोनवर बघत बसा. दुसरं उत्तर देणारे बहुतेक माझ्याच धंद्यातले असतात. डॅशबोर्ड दिसला नाही तर आम्हाला झोप लागत नाही. माझ्या मते दोन्ही उत्तरं आळशी आहेत, आणि दुसरं तर नुकसानही करतं. भाड्याच्या एका खोलीत राहणारी, गॅरेज नसलेली, दुसरा फ्रिज ठेवायला जागा नसलेली पोरं ते ऐकतात आणि हा नाद सुरू करण्याआधीच सोडतात.

(कायद्याचं आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने १९७८ साली मोकळीक दिली. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-नागपूरच्या मित्रांनो, हे फक्त वाचा. फारच हात शिवशिवले तर इडलीचं पीठ आहेच.)

आता त्या १८ अंशांकडे येऊ. हा आकडा थंड देशांतल्या तळघरांतून आलाय. उन्हाळ्यात बिअर नासते हे युरोपालाही चांगलं ठाऊक होतं. बव्हेरियात १५५३ साली हुकूम निघाला की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच करायची. पुढे कार्ल फॉन लिंडे या इंजिनियरने शीतकरणाचं यंत्र तयार केलं. १८७०च्या दशकात ते म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने उभं राहिलं. म्हणजे आज आपल्या स्वयंपाकघरात जो फ्रिज आहे, त्याच्या घराण्यात एक पूर्वज बिअरवाला आहे.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी काय केलं? कारखानेच डोंगरावर नेले. कसौलीची ब्रुअरी, १८६०ची मरीची ब्रुअरी. जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा जन्म मरीचा आणि त्याचा बाप ब्रुअर. मैदानातल्या उन्हाशी जुळवून घेण्यापेक्षा इंग्लंडसारखी हवा शोधत सहा-सात हजार फूट चढणं त्यांना सोपं वाटलं. पुस्तकातलं ‘रूम टेम्परेचर’ वाचताना मला तोच चढ दिसतो.

यावर कुणी म्हणेल, इतिहास राहू दे, उकाड्यात बिअर बिघडते की नाही? बिघडते. नेहमीचं एल यीस्ट २८-३० अंशांवर सुटलं की भराभर वाढतं आणि नको ते पदार्थ सोडतं. कधी अति पिकलेल्या केळ्याचा वास येतो, कधी नेलपॉलिश रिमूव्हरचा. जड अल्कोहोल वाढतात आणि घशात जाळ होतो. हे सगळं खरं आहे. पण हे नुकसान कधी होतं, हा प्रश्न फ्रिजवाले विचारतच नाहीत. बहुतेक नुकसान यीस्ट वाढत असतं तेव्हा होतं, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्यानंतर बादली थोडी उबदार राहिली तर उलट बरंच. शिल्लक साखर संपते आणि डायअ‍ॅसिटिलचा लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच गिळून टाकतं. म्हणजे दोन-तीन आठवडे फ्रिज चालवायचा तो बहात्तर तासांच्या कामासाठी.

दुसरी गोष्ट, लोक मोजतात खोलीची हवा. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे ऐन जोरात बादलीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३ ते ५ अंशांनी जास्त असतं. एसी २४ वर आहे म्हणून निवांत बसलेल्या माणसाची बिअर २८ वर उकडत असते. बादलीच्या अंगाला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी आणा, वरून कापडाची घडी बांधा. अर्धा प्रश्न तिथेच कळतो.

उरलेला अर्धा अकोल्यात कधीच सुटलाय. कूलर! वाळ्याचे ताटे, पाणी, पंखा. बादली पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, तिला जुना सुती टी-शर्ट घालायचा, त्याची कड पाण्यात बुडवायची आणि टेबलफॅन लावायचा. कापड पाणी ओढत राहतं, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. माठ हेच करतो. घरात २६ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर या खेळाची खालची मर्यादा १५ अंशांच्या आसपास येते. तिथवर बादली जात नाही, पण १९-२० मिळून जातात.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, म्हणजे ह्यूस्टनचा किंवा मुंबईचा उन्हाळा, तिथे ओलं कापड २९च्या खाली जाणारच नाही. फिनिक्समध्येही जुलैत मान्सूनचे ढग आले की कूलर अकोल्यासारखाच चिकट वारा फेकू लागतो.

अशा वेळी बर्फ. हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो, म्हणजे १९ लिटर बिअर साधारण ४ अंशांनी उतरते. मध्यम ताकदीची तेवढी बिअर आंबताना एकूण उष्णता सोडते सुमारे ९०० किलोज्यूल, म्हणजे तीन किलोंपेक्षा कमी बर्फाची. भिंतीतून येणारी उष्णता वेगळी. ती अडवायला घमेल्याभोवती जुनी गोधडी. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, सकाळ-संध्याकाळ घमेल्यात बदलायच्या. तीन दिवस. एवढा त्रास आपण इडलीच्या पिठासाठी विनातक्रार घेतो. थंडीत गोधडीत गुंडाळतो, मे महिन्यात चार तासांत उचलून फ्रिजमध्ये टाकतो. कुठली आजी म्हणाली की कंट्रोलर नसेल तर इडली करू नका?

पण माझा खरा राग इथे नाही. तापमान यीस्टला बसवायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. तापमानाला यीस्ट बसवायचं का नाही? १८ अंश आवडणारं यीस्ट पिढ्यान् पिढ्या तशा तळघरांत निवडलं गेलं, म्हणून त्याला ते आवडतं. बेल्जियमच्या वालोनियातल्या सेझाँ बिअरची काही यीस्टं ३० अंशांवरही खुशाल काम करतात. मिरी-लवंगेसारखी झाक येते आणि ती त्या बिअरचा गुणच आहे. आणि नॉर्वेचं क्वाइक! पश्चिम नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी घराघरात जपलेलं, लाकडी कड्यांवर वाळवून ठेवलेलं यीस्ट. व्हॉस भागात ते ३९-४० अंशांच्या कोमट रसात टाकतात. आता हे सुक्या पाकिटात मिळतं. ३५ अंशांवर ते दोन-चार दिवसांत काम संपवतं, वर संत्र्याच्या सालीचा हलका वास देतं. यीस्टचं खाद्य मात्र थोडं सढळ घालावं लागतं, पातळ रसात ते उपाशी राहतं.

लागर हवी असेल तर फ्रिज घ्या, वाद नाही. १०-१२ अंश टी-शर्टने येत नाहीत. पिल्सनरसारखी कोरी चव क्वाइकने तंतोतंत मिळते असं विकणारे सांगतात, मला ते पटत नाही.

पण एक आक्षेप मी ऐकून घेणार नाही. तो हा, की क्वाइक म्हणजे शॉर्टकट, उन्हातली बिअर म्हणजे तडजोड. व्हॉसच्या शेतकऱ्याकडे ना थर्मामीटर होता ना कंट्रोलर. कढईतून काढलेला रस दुधाइतका कोमट झाला की तो यीस्ट टाकायचा, कारण पूर्ण गार व्हायची वाट बघायला त्याला वेळ नव्हता, गुरं वाट बघत होती. त्याच्या बिअरला शॉर्टकट म्हणणाऱ्याने आधी सांगावं, लिंडेच्या यंत्राआधी त्याच्या गावात ऑगस्टमध्ये कोणती बिअर बनत होती.